वाचकांचे प्रश्न : ट्रेलरच्या अचूक प्रतिकृती

प्लास्टिकच्या किटमधून आणि रेझिनच्या सुट्या भागांतून मालवाहू ट्रेलरच्या प्रतिकृती घडवणाऱ्या ठाणे व नवी मुंबईतील वाचकांच्या काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एएमटी या अमेरिकी कंपनीचे पीटरबिल्ट ३५९ ट्रकचे १:२५ प्रमाणाचे किट आहे आणि इटालेरी या इटालियन कंपनीचा ४० फुटी कंटेनर ट्रेलर १:२४ प्रमाणाचा आहे. दोन्ही जोडले तर फरक जाणवेल का? शिवाय मला ट्रकची चेसिस लांब करायची आहे. – एक वाचक, कळंबोली

उत्तर : दोन प्रमाणांतील फरक जेमतेम चार टक्क्यांचा आहे, म्हणून तो चालून जातो असे पुष्कळ जण मानतात, प्रत्यक्ष मापे मांडली की तसे वाटत नाही. ४० फुटी कंटेनर १२,१९२ मिलिमीटर लांब आणि २,४३८ मिलिमीटर रुंद असतो. १:२४ मध्ये त्याची लांबी ५०८ मिलिमीटर होते, १:२५ मध्ये सुमारे ४८८. म्हणजे आपल्या पीटरबिल्टच्या मागे हा कंटेनर दोन सेंटिमीटरने लांब आणि चार मिलिमीटरने रुंद दिसेल; पीटरबिल्टच्या प्रमाणात पाहिले तर खऱ्या कंटेनरपेक्षा तो अर्धा मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद ठरेल. केबिनच्या मागे उभी राहणारी कंटेनरची पुढची भिंत नजरेत प्रथम भरते, त्यामुळे रुंदीतला फरक लांबीपेक्षा आधी कळतो.

माझ्या मते मात्र याहून मोठी अडचण प्रमाणाची नसून काळाची आणि देशाची आहे. पीटरबिल्ट ३५९ हा १९६७ ते १९८७ या काळात तयार झालेला अमेरिकी ट्रक आहे. युरोपीय ट्रेलरला सहसा तीन एक्सल आणि रुंद एकेरी टायर असतात, तर या ट्रकमागे दोन एक्सलचा आणि दुहेरी टायरांचा ट्रेलर शोभतो. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय मार्गांवर १०२ इंच रुंदीला आणि ४८ फूट लांबीच्या ट्रेलरला सर्वत्र वाट मोकळी झाली. त्याआधीचे ट्रेलर सामान्यतः ९६ इंच रुंद असत. त्यामुळे सत्तरच्या दशकातला ३५९ करायचा असेल, तर त्याच्यामागे आजचा ५३ फुटी ट्रेलर लावणे ही अचूकतेच्या दृष्टीने चूकच होय. एएमटीचाच ४० फुटी फ्रुहॉफ ट्रेलर १:२५ प्रमाणाचा असल्याने तो घ्यावा आणि इटालेरीचा ट्रेलर त्याच कंपनीच्या एखाद्या १:२४ व्होल्व्हो किंवा स्कॅनिया ट्रकसाठी राखून ठेवावा.

चेसिस लांब करण्यापूर्वी मूळ ट्रकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर, निश्चित करावा. अमेरिकी मापे इंचांत दिलेली असतात आणि १:२५ प्रमाणात एक इंच म्हणजे १.०१६ मिलिमीटर, त्यामुळे इंचांचा आकडा तसाच मिलिमीटर म्हणून वापरता येतो. २५० इंचांचा व्हीलबेस काटेकोरपणे २५४ मिलिमीटर होईल. कच्च्या आखणीला ही सोय उत्तम आहे, कापताना मात्र अचूक आकडाच घ्यावा. सांधा डिझेलच्या टाकीमागे लपेल अशा ठिकाणी ठेवावा, दोन्ही बाजूंचे काप एकासमोर एक न येता थोडे पुढेमागे घ्यावेत आणि चेसिसच्या आतल्या खाचेत प्लास्टिकची पट्टी बसवून जोड बळकट करावा. हे सारे सपाट काचेवर, गुण्याने काटकोन तपासत करावे, कारण चेसिसला किंचित जरी पीळ पडला तरी दहापैकी एखादे चाक हवेत राहते आणि मग कितीही सुंदर रंग दिला तरी ती खोड झाकत नाही.

प्रश्न : रेझिनची स्लीपर केबिन (चालकाच्या झोपण्याची जागा असलेली) मागवली. ती वाकडी आहे, किटच्या गोंदाने चिकटत नाही आणि रंगाचे पापुद्रे निघतात. माल खराब आहे का? – एक वाचक, खारघर

उत्तर : माल खराब असेलच असे नाही, या तिन्ही तक्रारींना कारणे आहेत. किटसोबतचा गोंद पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. पॉलियुरेथेन रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून तेथे सुपरग्लू किंवा दोन भागांचा इपॉक्सी वापरावा. स्लीपरसारखा जड भाग केवळ चिकटवण्यावर भिस्त ठेवून लावू नये. आतून भोक पाडून पितळी तारेची खुंटी घालावी.

रंगाचे पापुद्रे निघतात ते साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्यामुळे. भाग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुवावा, पूर्ण वाळवावा, बारीक वॉटर पेपरने हलका घासावा आणि मगच प्रायमर मारावा. वाकडेपणा घालवण्यासाठी भाग उकळत्या नव्हे, पण चांगल्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवावा, मऊ झाल्यावर सपाट पृष्ठभागावर दाबून सरळ करावा आणि तसाच धरून थंड पाण्यात घालावा. हवेच्या बुडबुड्यांची भोके पुट्टीने भरतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. रेझिन सुकताना किंचित आकसते, आणि एखाद्या भागावरून साचा घेऊन त्या नकलेवरून पुन्हा साचा घेतला असेल तर ही घट वाढत जाते. त्यामुळे पाकिटावर १:२५ असे छापलेले असले तरी व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजून पाहावी. भाग घासण्यापूर्वी मोजावा, कारण घासलेला भाग विक्रेता परत घेत नाही.

प्रश्न : क्रोमचे भाग चिकटवले की निखळतात. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : क्रोमचा मुलामा गोंद प्लास्टिकपर्यंत पोहोचू देत नाही. जोडाच्या जागेवरचा मुलामा पात्याने खरवडावा. सगळाच काढायचा असल्यास घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवावा, हातमोजे घालावेत आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही रसायन मिसळू नये.

प्रश्न : पावसाळ्यात स्प्रेने दिलेल्या चकचकीत रंगावर पांढुरका थर येतो. घोडबंदर रोडला आमच्या घरात खाडीची हवा असते. – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : लॅकर रंगातील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतील बाष्प ओल्या रंगात उतरते, तोच पांढुरका थर होय. जुलै-ऑगस्टमध्ये कापणे, घासणे, जुळवणे ही कामे उरकावीत आणि शेवटचा चकचकीत हात ऑक्टोबरनंतर द्यावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. थांबणे शक्यच नसेल तर सावकाश सुकणारे रिटार्डर थिनर वापरावे. थर आलेला असल्यास कोरड्या दिवशी तेच थिनर अगदी हलके फवारल्याने तो बहुधा जातो.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. टायर आणि रिम घरीच छापण्यासाठी त्याला रेझिनचा थ्रीडी प्रिंटर हवा आहे. आमचे घर वन बीएचके आहे. परवानगी द्यावी का? – एक आई, ठाणे (पूर्व)

उत्तर : ताई, बंद खोलीत किंवा स्वयंपाकघरात अजिबात देऊ नये. तयार रेझिनचा भाग घासताना धूळ पोटात व छातीत जाऊ नये यासाठी मास्क आणि पाणी पुरेसे असते, परंतु प्रिंटरमधले द्रव रेझिन त्वचेला लागल्यास ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झालेली ॲलर्जी पुन्हा पुन्हा उद्भवते. छापलेले भाग धुण्याचे अल्कोहोल ज्वालाग्राही असते. वारा खेळणारी, गॅसपासून दूर असलेली बाल्कनी, नायट्राइल हातमोजे आणि चष्मा एवढी व्यवस्था होत असेल तरच विचार करावा. उरलेले रेझिन मोरीत ओतू न देता उन्हात घट्ट करून टाकायला लावावे. तूर्तास त्याने फाइल तयार करावी आणि छपाई बाहेरून करून घ्यावी, हे अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न : उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिसतो तसा आपला कंटेनर ट्रेलर करायचा आहे. त्याचे किट मिळत नाही. सुरुवात कोठून करावी? – एक वाचक, द्रोणागिरी

उत्तर : मला या सदरात सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून हे ट्रेलर आपल्या रोजच्या नजरेतले आहेत, आणि किट नसले तरी मूळ वाहन दाराशी उभे आहे, ही सोय परदेशी ट्रक करणाऱ्याला नसते.

कंटेनरची मापे जगभर एकच असल्याने सुरुवात त्याच्यापासून करावी. ४० फुटी कंटेनरच्या कोपऱ्यांतील भोकांचे मध्यबिंदू लांबीत ११,९८५ आणि रुंदीत २,२५९ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे १:२४ मध्ये आपल्या ट्रेलरवरची ट्विस्ट लॉक (कंटेनर जखडणारी कुलुपे) ४९९.४ बाय ९४.१ मिलिमीटरवर बसली पाहिजेत. २० फुटीसाठी लांबीतले अंतर ५,८५३, म्हणजे प्रतिकृतीत २४३.९ मिलिमीटर. ही चौकट कागदावर काढली की ट्रेलरचे बाकीचे भाग तिच्या आधाराने मांडता येतात.

पुढच्या घोड्यासाठी, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकसाठी, टायरचा आधार घ्यावा. टायरवर २९५/९० आर २० असे लिहिले असेल, तर २९५ च्या ९० टक्क्यांची दुप्पट ५३१ आणि वीस इंची रिमचे ५०८ मिळून १,०३९ मिलिमीटर व्यास होतो, प्रतिकृतीत ४३.३. आता बरोबर बाजूने काढलेल्या छायाचित्रात टायर किती मिलिमीटरचा दिसतो ते मोजावे आणि त्याच गुणोत्तराने केबिनची उंची, दाराची रुंदी, व्हीलबेस काढावा. टायर आडवा मोजावा, कारण भाराने तो उभा थोडा दबलेला असतो. छायाचित्र जवळून मोबाइलने काढल्यास मधला भाग फुगतो आणि कडा आकसतात. म्हणून शक्य तितके दूर जाऊन, झूम करून, केबिनच्या निम्म्या उंचीवरून काढावे. बंदराच्या हद्दीत छायाचित्रण करू नये. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये उभ्या गाडीच्या चालकाला आधी विचारले तर तो बहुधा नाही म्हणत नाही, उलट स्प्रिंगचे पाटे कोठे तुटतात तेही दाखवतो. परवानगी मिळाली तरी गाडीखाली शिरू नये.

पहिल्या प्रयत्नात बॉडीवाल्याकडे बांधलेली जुनी सपाट केबिन निवडावी; ती एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटमधून होते. गोलाईदार नव्या केबिनला साचा करावा लागतो. परदेशी किटचे भाग वापरताना स्टिअरिंग डावीकडचे असते हे सर्वांच्या लक्षात येते, परंतु चेसिसखालचा स्टिअरिंग बॉक्स आणि त्याचा दांडा उजवीकडे न्यायचे आणि वायपरची दिशा उलटवायची राहून जाते.

कंटेनरवरचा क्रमांक मनाने लिहू नये. त्यात चार अक्षरे असतात, त्यांतले चौथे मालवाहू कंटेनरसाठी यू असते, मग सहा अंक आणि शेवटी चौकटीतला पडताळ्याचा अंक, जो आधीच्या अक्षर-अंकांवरून काढला जातो. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी ठेवावीत; पनवेलच्या नोंदणीसाठी एमएच ४६ आणि वाशीच्या नोंदणीसाठी एमएच ४३.