'मॉडर्न पेंटॅथलीट'ला मराठीत काय म्हणावे?

हंगेरीचा मॉडर्न पेंटॅथलीट आंद्राश बाल्त्सो याचा मराठी परिचय लिहिणाऱ्या एकांनी विचारले आहे: 'आधुनिक पंचकपटू', 'सलग पाच वर्षे विश्वविजेता' आणि 'राष्ट्रीय खेळाडू हा किताब' हे तीन प्रयोग बरोबर आहेत का?

तिन्ही बदलावेत.

'पंचक' म्हटले की मराठी वाचकाला आधी धनिष्ठा नक्षत्र आणि दर्भाच्या बाहुल्या आठवतात. 'पंचक्रीडापटू' लिहा, स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. 'आधुनिक' मात्र गाळू नका. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये 'पेंटॅथलॉन' नावाच्या दोन स्पर्धा होत्या. एक मैदानी, धावणे-उडी-फेकीची. दुसरी ही नवी: तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणे. म्हणजे हे विशेषण शोभेचे नाही, ओळखीचे आहे. पॅरिस २०२४नंतर घोडेस्वारी जाऊन अडथळ्यांची शर्यत आली, तरी 'पंच' शाबूत आहे. नेमबाजी आणि धावणे आता एकाच टप्प्यात होतात, पण मोजतात दोनच. हंगेरियन लोकांनी या खेळासाठी 'पेंटॅथलॉन' हा ग्रीक शब्द घेतलाच नाही. ते 'ओत्तुशा' म्हणतात. 'ओत' म्हणजे पाच, 'तुशा' म्हणजे झुंज. आपला 'पंचक्रीडा' त्याच घडणीचा, जरा सौम्य.

दुसरी चूक तथ्याची. बाल्त्सोची वैयक्तिक विश्वविजेतेपदे १९६३, १९६५, १९६६, १९६७ आणि १९६९ची. १९६४ आणि १९६८ ही ऑलिम्पिकची वर्षे. तेव्हा जागतिक स्पर्धा नसे. म्हणून 'सलग पाच जागतिक स्पर्धांत विजेता' म्हणावे. 'सलग पाच वर्षे' लिहिले की वाचक १९६३ ते १९६७ मोजतो आणि १९६४पाशी अडतो.

ऑलिम्पिक पदकेही फोडून लिहा. तीन सुवर्णांपैकी १९६० आणि १९६८ची सांघिक, १९७२ म्युनिकचे वैयक्तिक. शिवाय रौप्य दोन: १९६८ वैयक्तिक, १९७२ सांघिक. इथे 'सांघिक सामन्यात' हा शब्द हमखास घुसतो. तसा वेगळा सामना नसे. एका देशाच्या तिघांचे वैयक्तिक गुण एकत्र करून संघाचा क्रम लावत. 'सांघिक गटात' पुरे.

आता किताब. मराठीत 'राष्ट्रीय खेळाडू' म्हणजे राष्ट्रीय पातळीवर खेळलेला कोणीही. शाळेच्या फलकावरही असे चार जण सापडतील. हंगेरीचा २००४पासूनचा हा बहुमान साठी ओलांडलेल्यांसाठी आहे आणि एका वेळी फक्त १२ हयात व्यक्तींकडे असतो. बाल्त्सो पहिल्या तुकडीतला. 'राष्ट्राचा क्रीडापटू' असे षष्ठीतच लिहावे. 'पटकावला' हे क्रियापद इथे नको, ते पदकांना ठेवा. किताब 'बहाल झाला'.

आणि नावात 'त्सो'च, 'झो' नव्हे.