पहिली ग्रॅव्हल राइड: दोब्बियाको ते कोर्तिना

आल्प्समध्ये पहिल्यांदाच ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) चालवणार असशील, तर घाटांच्या मागे लागू नकोस. इटलीच्या डोलोमाइट्स डोंगरांमधल्या दोब्बियाको ते कोर्तिना या जुन्या रेल्वेमार्गावरून सुरुवात कर. 1960च्या दशकात इथली गाडी बंद झाली. आता रुळांच्या जागी दाबलेल्या बारीक खडीची वाट आहे. साधारण 30 किलोमीटर, आणि मोटारींचा त्रास नाही. आगगाडीसाठी काढलेली वाट असल्याने चढ सौम्य आहे: सुमारे 1,240 मीटरवरून चिमाबांके खिंडीत 1,530 च्या आसपास, मग कोर्तिनापर्यंत उतार.

नवखे सर्वात जास्त चुकतात ते टायरमधल्या हवेच्या दाबात. टायर दगडासारखे टणक भरतात आणि खडीवर चाक सटकलं की घाबरतात. 40 मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर आणि 70 किलोच्या आसपास वजन असेल, तर 30-35 पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरू कर. आत ट्यूब असेल तर थोडी जास्त. एवढ्या एका बदलाने राइड सुखाची होते, खरंच करून बघ.

बाकी थोडक्यात:
- मार्ग निवडताना किलोमीटरआधी एकूण चढ बघ.
- सकाळी लवकर निघ. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो.
- वाटेत बोगदे आहेत, दिवा हवाच.
- उतारावर वेग आवर. चालणारे आणि लहान मुलं असतात, आणि वळणावर खडीत पुढचा ब्रेक जोरात दाबलास तर पडशील.

गिअर रेशो, बाइकपॅकिंग (सायकलवर सामान बांधून लांबचा प्रवास) वगैरे सध्या राहू दे. वाटेत लांद्रोला मात्र थांब, तिथून त्रे चिमेचे तीन सुळके दिसतात.