कुत्रं आणायचंय, पण कुठलं?

गेल्या अंकात रस्त्यावरची, कुणीतरी सोडून दिलेली कुत्री घरी आणण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांनी फोटो पाठवून "ताई, हे घेऊ का?" एवढंच विचारलंय. फोटोवरून कुत्रं दिसतं कसं तेवढंच कळतं हो. मला तुमचं घर दुपारी दोन वाजता कसं असतं ते सांगा, मग बोलू. ज्यांनी तसं सविस्तर लिहिलंय त्यांची पत्रं आधी घेतेय.

प्रश्न: आईबाबा गुहागरला असतात, दोघंही सत्तरीच्या पुढे, मी पुण्यात. भोवती नारळी-पोफळीची वाडी, रात्री दोघांना भीती वाटते. गणपतीला सगळे जमतोच आहोत तर तेव्हा एक पिल्लू आणून द्यावं म्हणतोय. लहानपणापासूनच सवय लागेल ना?

उत्तर: सवय लागेल, पण लावणार कोण? तुम्ही तर पुण्यात. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, रात्रीसुद्धा, ते चपला कुरतडतं, पायात घुटमळतं, आणि ओटीच्या पायऱ्या उतरताना बाबांच्या पायात आलं तर काय होईल ते मी सांगायला नको. त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांचं, नसबंदी झालेलं गावठी कुत्रं बघा, शक्यतो आधी कुणाच्या तरी घरात राहिलेलं. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव घडून गेलेला असतो, पिल्लाचं पुढे काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही.

बघायला जाताना बाबांना घेऊन जा आणि त्यांची काठी मुद्दाम बरोबर ठेवा. रस्त्यावरच्या कितीतरी कुत्र्यांनी काठीचा मार खाल्लेला असतो. काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला की एखादं चार पावलं मागे सरकतं, मग जरा वेळाने मान पुढे काढून काठीचा वास घेतं, ते चालेल. जे कोपऱ्यात शिरून दात दाखवतं किंवा तिथेच लघवी करतं, ते काही वाईट कुत्रं नसतं, पण त्याला काठी न वापरणारं घर हवं. आणि एकदा बघून ठरवू नका, दोन-तीनदा जा, त्यातल्या एकदा तरी त्याच्या जेवणाच्या वेळी.

आता गणपतीचं. सगळे जमतात म्हणून सगळ्यांना तीच वेळ सोयीची वाटते, आणि कुत्र्यासाठी तीच सगळ्यात वाईट. घरात वीस माणसं, झांजा, आरत्या, फटाके, कुणीतरी प्रेमाने मनुका घातलेला मोदक भरवणार (मनुका कुत्र्याला विषारी असतात, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा), आणि मग आठवड्याने सगळे चाकरमानी निघून गेले की त्या बिचाऱ्याला कळतच नाही की यातली आपली माणसं नक्की कुठली. शिमग्यातही तेच, पालखी ढोल वाजवत अंगणात आली की नवीन कुत्रं जे पळत सुटतं ते सापडत नाही. गणपती होऊन घर शांत झालं की आणा आणि तुम्ही स्वतः निदान आठवडाभर तिथे राहा. साधारण तीन दिवस ते बिचकलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रकं कळतात, आणि आपलं घर म्हणून वावरायला तीन महिने लागतात. हे ढोबळ आहे, पण खाणं सोडलं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत नेऊन देऊ नका एवढ्यासाठी सांगितलं.

आणि राखण म्हणजे रात्री अंगणात साखळीला बांधायचं असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. आपल्याकडे बिबट्या वाडीत येतो आणि बांधलेलं कुत्रं त्याला आयतं सापडतं. पडवीला जाळी-दार असेल तर तिथे, नाहीतर घरात. भुंकायचं काम ते आतूनही चोख करतं.

प्रश्न: मालवणला आमचा होमस्टे आहे. मुंबईच्या एका पार्टीने हस्की सोडून दिलाय, दिसायला एक नंबर, गेस्ट लोक फोटो काढतील. ठेवू का?

उत्तर: दिवसभर एसी खोली देणार असाल आणि रोजच्या रोज विंचरायला माणूस असेल तर ठेवा. नाहीतर नका. त्याला दुहेरी केस असतात, आपल्या दमट हवेत आतला थर वाळत नाही, कातडीला बुरशी धरते, गोचीड आत लपून बसते आणि गोचीडताप कळेपर्यंत उशीर होतो. केस भादरून टाकू असं म्हणू नका, त्याने ऊन थेट कातडीला लागतं. त्याला घाटावर थंड जागी कुणी घेतंय का ते शोधा, तोवर सांभाळा, इतकं केलंत तरी खूप झालं.

तुम्हाला खरं तर रापणीवर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरतात तिथे) मासळीसाठी ताटकळत बसणाऱ्या कुत्र्यांपैकी एखादं चालेल. माणसांच्या गर्दीची, आरडाओरडीची त्यांना सवय असते. फक्त खाण्यावरून गुरगुरतं का ते बघा. वाडगा ठेवून थोडं लांब उभं राहा, हात घालू नका. ताठ होऊन भराभर गिळायला लागलं तर जिथे गेस्टची लहान पोरं येतात तिथे नको. आणि किनाऱ्यावर फिरवताना टाकून दिलेले गळ सांभाळा, मासळीच्या वासाने गिळतात आणि मग ऑपरेशन.

प्रश्न: दापोलीजवळ आमच्या कोंबड्या आहेत, एक मांजरही. कुत्रं जमेल?

उत्तर: पट्ट्याला धरून लांबून कोंबड्या दाखवा. बघितलं, कान हलवले, पुन्हा तुमच्याकडे बघितलं तर आशा आहे. नजर रोखून दगडासारखं उभं राहिलं, हाक मारूनही वळलं नाही तर ते घेऊच नका, तुम्ही कितीही शिकवा. पिल्लू आणलं तर प्रश्न सुटेल असं वाटतं, पण पिल्लू खेळता खेळता कोंबडीची पिलं मारतं. मांजराला चढून बसायला उंच जागा ठेवा, बाकीचं ते स्वतः बघून घेतं.

प्रश्न: अगं ताई, मी कॉलेजला, चिपळूणला बाजाराजवळ तळमजल्यावर राहतो. आई हो म्हणालीय, सोसायटीवाले नाही म्हणतायत.

उत्तर: सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ते आहे, सेक्रेटरींना प्रिंट काढून दे, भांडू नको. मला काळजी वेगळीच आहे. जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात कसं शिरलं ते तू बघितलंयस. तेव्हा तुला एकट्याला उचलून जिना चढता येईल एवढंच कुत्रं घे, पंधरा किलोच्या आतलं. पिल्लू घेतलंस तर आईबापाचा आकार विचार. पाणी वाढतंय म्हटलं की साखळी आधी सोड. आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारावरची लस दरवर्षी चुकवू नको, उंदरांच्या मुताने पसरतो तो, साचलेल्या पाण्यातून कुत्र्यालाही होतो आणि तुलाही. आणि तू नोकरीला मुंबईला गेलास की कुत्रं आईचं होणार आहे, तेव्हा निवडायला तिलाच पुढे कर.

प्रश्न: नर चांगला की मादी? (रत्नागिरी)

उत्तर: नसबंदी झालेली असेल तर फार फरक पडत नाही, स्वभाव बघा. मादीला उगीच लोक नाही म्हणतात, म्हणून चांगल्या माद्या पटकन मिळतात. कानाला खाच असेल तर नसबंदी झालीय असं समजा, पण त्या वेळी दिलेली रेबीजची लस एका वर्षापुरतीच. लसींची फाइल नसेल तर काहीच झालेलं नाही असं धरून पहिल्याच आठवड्यात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि जाताना तोंडाला जाळी बांधा, नवीन कुत्रं सुई बघून कुणालाही चावू शकतं.