वाचकांचे प्रश्न : दोन हंगामांत आटोपलेली कंपनी

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो. मुलाने आग्रहाने 'बेटर ऑफ टेड' ही जुनी अमेरिकन मालिका दाखवली. कंपनी सातासमुद्रापलीकडची, पण साहेब, बैठका आणि परिपत्रके सगळी आमच्याकडचीच वाटली. इतकी चांगली मालिका दोनच हंगामांत का गुंडाळली? दोष वाहिनीचा की मालिकेचा?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांचाही. वाहिनीचा आधी सांगतो, कारण तो सांगायला सोपा आहे. 'एबीसी' वाहिनीवर १८ मार्च २००९ रोजी ही मालिका सुरू झाली. प्रेक्षक पहिल्यापासूनच बेताचे होते, तरीही वाहिनीने दुसरा हंगाम दिला, त्यामुळे तिला ही मालिका नकोशीच होती असे म्हणता येत नाही. मात्र तो दुसरा हंगाम डिसेंबर आणि जानेवारीत असा उरकला, की कधी एकाच रात्री दोन भाग लागले आणि नव्या प्रेक्षकाला सवय लागण्याआधीच खेळ संपला. एकूण २६ भाग तयार झाले, त्यांपैकी २४ अमेरिकेत त्या वेळी दाखवले गेले. उरलेले दोन भाग जून २०१० मध्ये, बास्केटबॉलच्या अंतिम लढतीचा निकाल आधीच लागून सातवा सामना खेळावा लागला नाही तर त्या जागी दाखवायचे ठरले होते. सातवा सामना झाला आणि ते भाग राहून गेले. मालिकेतल्या व्हेरिडियन डायनॅमिक्स या कंपनीच्या व्यवस्थापनालाही निरोप समारंभाची याहून चांगली तऱ्हा सुचली नसती.

आता मालिकेविषयी. व्हिक्टर फ्रेस्को यांनी निर्माण केलेल्या या मालिकेतील व्हेरिडियन डायनॅमिक्स ही कंपनी काय बनवते, याचे उत्तर 'काहीही' असे आहे. प्रयोगशाळेत गाईशिवाय वाढवलेले गोमांस असो, नाही तर शस्त्र म्हणून वापरायचा भोपळा असो, वरून हुकूम आला की संशोधन विभागाचा प्रमुख टेड ते करवून घेतो. त्याची वरिष्ठ व्हेरोनिका आहे आणि हाताखाली फिल व लेम हे दोन शास्त्रज्ञ आहेत. या कंपनीचा मालक कधी दिसत नाही. 'कंपनीचे म्हणणे असे आहे' एवढेच कानी येते, आणि कंपनी म्हणजे नक्की कोण हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा नसते.

तुम्हाला हे सारे ओळखीचे का वाटले असेल, ते पहिल्या हंगामाच्या चौथ्या भागावरून सांगतो. कंपनी वीज वाचवण्यासाठी दिवे, दरवाजे, पाण्याचे नळ, लिफ्ट हे सगळे माणसाची चाहूल घेणाऱ्या यंत्रांना जोडते. ती यंत्रे गोऱ्या माणसांना ओळखतात, काळ्यांना ओळखत नाहीत. कृष्णवर्णीय लेम खोलीत एकटा उरला की दिवे विझतात, दारासमोर उभा राहिला तरी ते उघडत नाही. तक्रार गेल्यावर व्हेरोनिका कंपनीची बाजू सांगते : हा वर्णद्वेष नव्हे, यंत्रणा काळ्यांच्या विरोधात नाही, ती त्यांच्याकडे फक्त दुर्लक्ष करते. मग कंपनी काळ्या कर्मचाऱ्यांसाठी हाताने चालणारा वेगळा नळ बसवते. अमेरिकेत एके काळी काळ्या-गोऱ्यांचे पाण्याचे नळ कायद्याने वेगळे होते हे ज्याला माहीत आहे, त्याचे हसू इथे घशातच अडकते. यावर उतारा म्हणून प्रत्येक काळ्या कर्मचाऱ्यामागे फिरायला एकेक गोरा माणूस पगारावर ठेवला जातो. केवळ गोऱ्यांचीच भरती बेकायदा, म्हणून तितकेच काळे भरायचे, त्यांच्यामागे पुन्हा तितकेच गोरे. अखेर हिशेब मांडून दाखवावा लागतो की अशाने सगळी पृथ्वी कंपनीच्या पगारावर येईल आणि गाड्या लावायला जागा पुरणार नाही. तेव्हा कुठे जुनी बटणे परत येतात. कंपनीला पाझर फुटत नाही, तिला फक्त खर्च परवडत नाही.

यात एकही पात्र दुष्ट नाही. प्रत्येक पायरीवर सुचवलेला उपाय मागच्या पायरीच्या मानाने शहाणपणाचाच वाटतो. आपल्या शहरात विडी वळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बायकांचे अंगठे यंत्र घेत नाही, तेव्हा खिडकीपलीकडचा माणूस जे बोलतो, तेही याच जातीचे असते : "मावशी, मी तुम्हाला ओळखतो हो, पण मशीन ओळखत नाही." तो माणूस वाईट नसतो, आणि मावशींचे काम मात्र त्या दिवशी होत नाही. हा विनोद इतक्या नेमकेपणाने पकडणारी दुसरी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

परंतु जे गुणाचे, तेच अंगाशी आले. विनोद कंपनीच्या तर्कातून निघतो, त्यामुळे माणसे त्या तर्काची प्यादी होऊन बसतात. जे हॅरिंग्टन यांनी साकारलेला टेड देखणा, हुशार, प्रेमळ बाप आणि सगळ्यांचा लाडका आहे. अशा माणसाचे पुढे काय होईल याची काळजी कोणाला वाटणार? तो मधूनमधून थेट प्रेक्षकांशी बोलतो आणि जे आपल्याला समजलेलेच असते ते पुन्हा समजावतो. सहकारी लिंडाशी त्याचे जुळता जुळता राहणे सुरुवातीला गोड वाटते, नंतर केवळ लांबवलेले वाटते. त्याची लहान मुलगी बापाची सदसद्विवेकबुद्धी म्हणून येते, तेव्हा तर लेखकांनी हात टेकल्यासारखे दिसते. त्याच सुमारास, एप्रिल २००९ मध्ये, 'पार्क्स अँड रिक्रिएशन' ही सरकारी कार्यालयातील मालिका सुरू झाली. तिचा पहिला हंगाम अवघ्या सहा भागांचा आणि बराच अडखळता होता. पण तिची माणसे पुढे बदलत गेली, प्रेक्षक त्यांची वाट पाहू लागले आणि ती सात हंगाम चालली. व्हेरिडियनमध्ये दर भागाला पाटी कोरी होते. एखादा भाग चुकला तरी काही बिघडत नाही, आणि ज्या मालिकेचा भाग चुकल्याने बिघडत नाही, तिच्यासाठी ठरल्या वेळी दूरचित्रवाणीसमोर कोण बसणार?

प्रश्न : आम्ही महाविद्यालयातील काही मुले-मुली कार्यालयावर एक विनोदी एकांकिका लिहीत आहोत. साहेबाला खलनायक केल्याशिवाय विनोद उभा राहत नाही असे आमच्यातील काहींचे मत आहे. आपणांस काय वाटते?
— एक नाट्यप्रेमी विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वरच्याच मालिकेतील व्हेरोनिका पाहा. पोर्शिया डी रॉसी यांनी ही भूमिका चेहऱ्यावरची रेषही न हलवता केली आहे. अत्यंत भयंकर वाक्य ती हवापाण्याची माहिती द्यावी तसे बोलते. तिला आपण वाईट आहोत असे क्षणभरही वाटत नाही, म्हणून हसू येते. तिने डोळे वटारले असते, तर तिचा तेवढाच खलनायक झाला असता.

पंकज कपूर यांची 'ऑफिस ऑफिस' ही हिंदी मालिका तुमच्या घरातील मोठ्यांना आठवत असेल. तिच्यातील मुसद्दीलाल हा खिडकीबाहेरचा माणूस आहे आणि आतले सगळे मिळून त्याला नाडतात. ती रीतही खणखणीत आहे, पण तिच्यात कोणाच्या बाजूने हसायचे हे आधीच ठरलेले असते. तुम्ही खिडकीच्या आत बसलेल्यांवर लिहिणार असाल, तर साहेबाऐवजी एखादा नियम निवडा आणि तो शेवटपर्यंत पाळा. आवक क्रमांक नसलेले पत्र आलेलेच नाही, हा नियम घ्या. पत्र टेबलावर आहे, लिहिणारा समोर उभा आहे, शिपायाने ते स्वतः आणले आहे, पण आवक नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली घेऊन लिपिक रजेवर. आता त्या लिपिकाच्या रजेचा अर्जच आवक क्रमांकाविना टेबलावर पडलेला असेल, तर नियमाप्रमाणे तो रजेवर नाहीच. इथून पुढचे तुम्ही लिहा, पण एकाही पात्राला 'हा मूर्खपणा आहे' असे म्हणू देऊ नका. एकांकिकेत माणसे वर्षानुवर्षे टिकवायची नसल्यामुळे जिथे ती मालिका कमी पडली, तिथे तुम्हाला फारशी अडचण येणार नाही.

प्रश्न : ही मालिका पहिल्या भागापासूनच पाहावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आवश्यक नाही. पहिल्या भागात फिलला प्रयोगासाठी गोठवतात. तो भाग बरा आहे, पण त्यात ओळखी करून देण्यातच वेळ जातो. आधी वर सांगितलेला चौथा भाग पाहा. नंतर त्याच हंगामाच्या अखेरीकडचा, टेडने एक गोष्ट लपवण्यासाठी उच्चारलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या प्रकल्पामागे सारी कंपनी धावत सुटते तो भाग पाहा. त्यातील सादरीकरणात शेवटपर्यंत काहीही सांगितले जात नाही आणि टाळ्या मात्र पडतात. भागांच्या मध्ये कंपनीच्या खोट्या जाहिराती येतात, त्या पुढे ढकलू नका.