पीटी बोटींमध्ये पॅकार्डचं मर्लिन इंजिन होतं का?

नाही. पॅकार्ड या डेट्रॉइटच्या मोटार कंपनीने दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी मर्लिन बनवलं आणि अमेरिकी नौदलाच्या पीटी (टॉर्पेडो) बोटींसाठी वेगळं इंजिन. दोन्ही व्ही-१२ (व्ही आकारात बारा सिलिंडर), दोन्ही पेट्रोलवर, दोन्ही सुपरचार्जरवाली (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र असलेली), म्हणून गल्लत होते.

मर्लिन मूळ रोल्स-रॉइसचं. पॅकार्डने १९४० मध्ये परवाना घेतला. अमेरिकी नाव व्ही-१६५०. बोटीतलं ४एम-२५०० मात्र त्यांचं स्वतःचं, १९२०च्या दशकातल्या त्यांच्याच विमान-इंजिनावरून उतरलेलं. नावातला आकडा सिलिंडरांच्या एकूण आकारमानाचा, घनइंचांत आहे: १६५० म्हणजे २७ लिटर, २५०० म्हणजे जवळपास ४१ लिटर. इथे एकच खाचखळगा आहे. पहिल्या महायुद्धातलं लिबर्टी इंजिनही १६४९ घनइंचांचंच, आणि त्याच्या आराखड्यात पॅकार्डचे जेसी व्हिन्सेंट होते. पण लिबर्टीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७, मर्लिनचा ५.४ आणि ६. नातं काहीच नाही.

बोटींचा अनुभव युद्धाआधीचाच. अमेरिकी बोट-शर्यतपटू गार वुडच्या ‘मिस अमेरिका एक्स’ या बोटीने १९३२ मध्ये पॅकार्डच्या चार इंजिनांवर ताशी १२४.८६ मैल गाठले. पीटी बोटीत तीन इंजिनं असत. सुरुवातीला प्रत्येकी १२०० अश्वशक्ती, पुढे १५००. विमान वर गेलं की थ्रॉटल मागे घेता येतो, बोट पाण्याला सतत रेटत असते, त्यामुळे इंजिनाला उसंत नाही. शिवाय १०० ऑक्टेनचं ३००० गॅलन पेट्रोल लाकडी बोटीच्या पोटात. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते, म्हणून ब्लोअर (हवा खेचणारा पंखा) चालवून ती बाहेर काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नसतो.

माझ्या मते पॅकार्डचं सगळ्यात धाडसी काम मात्र डीआर-९८० हे डिझेल विमान-इंजिन. वर्तुळात मांडलेले नऊ सिलिंडर, २२५ अश्वशक्ती, १९२८ मध्ये पहिलं उड्डाण. डिझेलचा दाब प्रचंड, तरी वजन कमी ठेवायचं होतं, म्हणून सिलिंडर क्रँककेसला (इंजिनाच्या मधल्या कवचाला) बोल्टने न जोडता सगळ्यांभोवती पोलादी कड्या आवळल्या. १९३१ मध्ये या इंजिनावर एक बेलांका विमान वाटेत इंधन न घेता ८४ तास ३२ मिनिटं हवेत राहिलं. पण हवा आत घ्यायला आणि धूर सोडायला एकच व्हॉल्व्ह ठेवला होता. त्यामुळे धूर बाहेर वाहून नेणारी नळी धड बसवता येईना आणि डिझेलचा वास थेट वैमानिकापर्यंत पोचे. कंपनही जास्त. त्यात आराखडा करणारे लायोनेल वुलसन १९३० मध्येच विमान अपघातात गेले. अशी सुमारे शंभरच इंजिनं बनली.