शिवेवरची पायवाट अडवली तर

प्रश्न : आमच्या शेताकडे जाणारी पूर्वापार पायवाट शेजाऱ्याने यंदा नांगरली, केळी लावली आणि तारेचं कुंपण घातलं. काय करावं? (एक वाचक, रावेर)

उत्तर : आधी दिवस मोजा. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. समजुतीच्या बैठकांतच हंगाम सरतो आणि मुदत हुकते. बोलणी जरूर करा, अर्ज मात्र थांबवू नका.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या. त्यावर पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो, गाडीमार्ग दुहेरी. सातबारा आणि फोटो जोडा, अडवल्याची तारीख लिहाच. काळ्या रानात पायांखालचा पट्टा कडक, फिकट दिसतो. नांगरटीत तो मिटतो, म्हणून कुंपणापलीकडचा उरलेला तुकडा आजच टिपून ठेवा. पंचनाम्यात बांधावरचा निंब, विहीर अशा खुणा येऊ द्या.

जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून नवी वाट मागण्यासाठी आहे. अनेकजण तिथेच चुकतात, आणि चुकीच्या कलमाखालच्या अर्जात महिने वाया जातात. कुंपण स्वतः तोडू नका, तक्रार उलटते.