भाजीपाल्याची छोटी रोपवाटिका शून्यापासून कशी सुरू करावी?

दोन-तीन गुंठे जागा आणि पुरेसे पाणी असल्यास टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपे तयार करून देण्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. शोभेच्या झाडांमध्ये भांडवल दीर्घकाळ अडकून राहते, तर टोमॅटोचे रोप साधारण २५ ते ३० दिवसांत आणि मिरचीचे ३५ ते ४० दिवसांत लागवडीस तयार होते.

मात्र हाच वेग अडचणीचाही ठरतो, कारण वेळेत न उचललेले रोप ते वाढवायच्या खाचांच्या ट्रेमध्येच उंच व लुसलुशीत होते आणि मग ते कोणीही घेत नाही. म्हणून शेतकऱ्याकडून वाण, संख्या व उचल करण्याची तारीख लिहून घेऊन, काही आगाऊ रक्कम मिळाल्यावरच बी टाकावे.

खर्चात काटकसर करायची असेल तर ती रोपे ठेवायच्या शेडच्या सांगाड्यात करावी, कीटकरोधक जाळीत करू नये. साध्या शेडनेटमधून (सावलीच्या जाळीतून) पांढरी माशी सहज आत शिरते व टोमॅटोवर पाने आकसवणारा पर्णगुच्छ (लीफ कर्ल) विषाणू आणते, म्हणून बाजूंना ४० ते ५० मेशची (एका इंचात तितकी छिद्रे असलेली) जाळी आणि प्रवेशाला दुहेरी दार असावे. ट्रे भरण्यासाठी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुतलेले घ्यावे, अन्यथा त्यातील क्षारांमुळे उगवण बिघडते. रोपे देण्यापूर्वी चार-पाच दिवस पाणी कमी करून ती कणखर करावीत.

पुढे फळझाडांची कलमे विकायची झाल्यास महाराष्ट्रात १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना लागतो.